पांढरा पाव

आमच्या घरी साखर नव्हती.
मध होता, बरणीत,
मेणाचे कण आणि एखादा तुटका पंख तरंगणारा,
तोसुद्धा फक्त आजाऱ्याला.

वेल्समधली ती टेकडी. खाली दरीत
स्लेटच्या काळ्या छपरांचं गाव, वर आम्ही.
बाबा लंडनची बँक सोडून आलेले,
माती नुसती हातात घेतली तरी डोळे भरायचे त्यांचे.
पहिल्या वर्षी फक्त बीट आलं.
ते आम्ही सप्टेंबर ते मार्च खाल्लं
आणि आई त्याच भाजीला रोज नवं नाव द्यायची.

शेळीचं नाव बॅरोनेस. दूध तिचं, चीज तिचं,
आणि लेंड्या म्हणजे तर सोनं,
बाबा म्हणायचे, पाटी भरताना.
धाकट्याचे लंगोट दोरीवर गोठून
पत्र्यासारखे वाजायचे.

शाळेत डबा उघडला की आधी वास बाहेर पडे.
आईचा पाव : तपकिरी, वजनदार,
मधेच न दळलेला दाणा दाताखाली कडकन.
"हा खातात की घर बांधतात याचं?"
गेथिन प्रॉसर विचारी.
त्याचा पाव पांढरा. बोटानं दाबला
तर खड्डा तसाच राहणारा.
आत लाल जॅम,
ज्यात कुठलंच फळ ओळखू येत नव्हतं.
माझे तीन तुकडे देऊन मी त्याचा अर्धा घेई,
संडासामागे उभी राहून खाई.
माझे तुकडे तो कुत्र्याला नेई.
कुत्रा तुकतुकीत झाला.
"काय खाल्लंस?" आई विचारी, माझं तोंड हुंगून.
"बीट."

लिनेट जन्मली त्या रात्री बर्फानं रस्ता पुसून टाकला.
सुईण खाली पुलापाशीच अडकली.
आईनं सगळं ठरवून ठेवलेलं :
रास्पबेरीच्या पानांचा काढा, घरच्या मेणबत्त्या,
आणि बाबांनी पाठ केलेली धीराची वाक्यं.
पहाटे तीनला बाबा ती वाक्यं विसरले.
माझ्या हातात कंदील देऊन म्हणाले,
"पळ, प्रॉसरबाईंना घेऊन ये."

बाई आल्या नवऱ्याचा कोट घालून,
बाह्या कोपरापर्यंत सारून.
त्या महिन्यात चाळीस मेंढ्या सोडवलेले हात.
आईशी वेल्शमध्ये बोलत राहिल्या,
अडलेल्या मेंढीशी बोलावं तसं, हळू, सारखं.
आईला एक शब्द कळत नव्हता
आणि ती प्रत्येक शब्दाला हो म्हणत होती.

लिनेट निळी आली.
मग लाल झाली.
मग ओरडली.

तेव्हा बाईंनी पिशवीतून काढलं
त्यांचं स्वतःचं औषध :
चहाची पुडी, साखरेचा पुडा,
दुकानातला पांढरा पाव.
चुलीवर भाजला, लोणी थापलं.
कपात तीन चमचे. मी मोजले.

आईनं कपात पाहिलं.
आठ वर्षं.
मग प्यायली, डोळे मिटून, घटाघटा,
पावाच्या कडाही सोडल्या नाहीत,
आणि रिकामा कप पुढे केला.

बाबा गोठ्यात होते, बॅरोनेसला बातमी सांगायला.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
आईनं माझ्याकडे पाहिलं.
मी कंदिलाची वात खाली केली.

आता कार्डिफमध्ये, माझ्या गल्लीच्या तोंडाशी,
एका दुकानात आईच्यासारखाच पाव मिळतो,
कागदात गुंडाळून, सुतळी बांधलेला.
लोक किंमत न विचारता घेतात.
मीही घेते, मुलांच्या डब्यात घालते.
परत येतो, एका कोपऱ्यात कुरतडलेला.
कुणाशी काय अदलाबदल करतात, विचारत नाही.

आई परवा येऊन गेली. अजून तिच्या
खिशात कसलंतरी बी, नखांत माती.
मी म्हटलं, तो चहा आठवतो?
"कुठला चहा?"
म्हणाली, आणि माझ्या खिडकीतल्या कुंडीतली माती
दोन बोटांनी उकरून हुंगली.
"हिला तू काहीच खायला घालत नाहीस."